अंगणातलं गाऱ्हाणं

मी देव मानत नाही, पण डूख धरते. आमच्या वाडीत पहिल्या गोष्टीची चर्चा फार झाली. दुसरीची कुणाला कल्पना नव्हती.

आईच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा वाडीतल्यांनी देवळात कौल लावला. देवीच्या पाषाणाला कळ्या चिकटवून प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. डावी पडली. म्हणजे बाईला गावाच्या शिवेबाहेर नेऊ नये. मी गावच्या मानकऱ्यांना म्हटलं, "काका, तुमच्या कौलाचा अनादर करायचा नाही मला. पण माझा त्यावर विश्वास नाही. मी आईला रत्नागिरीला नेते." आई स्वतः मला म्हणाली होती, "ने मला." खाटेपाशी तेव्हा मी एकटीच होते. हॉस्पिटलातच ती वारली.

त्यानंतरच्या शिमग्यात पालखी अंगणात आली. आईने कधी चुकवली नव्हती म्हणून मी ओटी भरली. मग मी काही मागायच्या आत मानकऱ्यांनी घराच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घातलं : "बा देवा म्हाराजा, ह्या घरातल्या पोरीन तुजा कौल मोडलान, आयेस गमावलान. तिची चूक पोटात घाल, तिला बुद्धी दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," अख्खी वाडी एका सुरात म्हणाली. ज्यांच्या पोरांचे दाखले मी कचेरीत खेटे घालून आणून दिले होते, तेही म्हणाले. हातातला नारळ कुणाच्या तरी टाळक्यात घालावा असं वाटलं. मी तो नीट पालखीपुढे ठेवला.

ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली, तक्रार कर. कसली करणार? माणसाने प्रार्थना केली. प्रार्थना करणं गुन्हा नाही, तसं ती न मानणंही नाही. पण म्हणून गप्प बसावं असं कुठल्याच कायद्यात नाही. एसटीत खिडकीशी बसून मी वर्षभर माझं गाऱ्हाणं घोटत राहिले. कारण रिवाज असा की, ज्याच्या अंगणात पालखी टेकली त्याने सांगितलेलं गाऱ्हाणं मानकऱ्याला घालावंच लागतं. कुणी मुलाला नोकरी मागतं, कुणी आंब्याचा मोहोर टिकू दे म्हणतं.

यंदा मी माझं सांगितलं, सगळ्यांसमोर. मानकऱ्यांचा चेहरा उतरला.

"असला गाराणा नसता गो बाय."

"काका, रिवाज तुमचा आहे. मी मानत नाही तरी पाळते. तुम्ही तर मानता."

त्यांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या घरातली म्हातारी आपल्या तोंडान बोलली, मला दवाखान्यात ने..." पुढचं ते पुटपुटायला लागले.

"मोठ्याने, काका. मागच्यांना ऐकू येत नाही."

"लेकीन आयेचा ऐकलान. तिच्यावर ज्यानी बोल लावलान, त्यास बुद्धी दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," वाडी सवयीने म्हणून गेली. आपण काय म्हणालो हे काहींच्या जरा उशिरा लक्षात आलं आणि त्यांनी माना खाली घातल्या. खोटं कशाला सांगू, मला गार वाटलं. कुणाला माफ करावंसं मात्र वाटलं नाही.

पालखी उचलताना मानकरी जवळ येऊन हळूच म्हणाले, "झाला तुजा समाधान?"

"नाही," मी म्हटलं. "पुढल्या शिमग्यालाही हेच घालायचंय. पाठ करून ठेवा."