उतरणं राहून गेलं

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये सव्वीस वर्षं स्टुलावर बसून बटणं दाबणारा माणूस डोंगर चढणार, हे ऐकून मी तरी फिस्सकन हसलो होतो. या लिफ्टवाल्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. वय सत्तावन्न, पोट सुखवस्तू, आणि एकदा डोक्यात घेतलं की कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत.

डोक्यात घ्यायला कारण घडलं होतं. मामी इस्पितळात नर्स. गेली अकरा वर्षं त्या आपल्या गिर्यारोहणाच्या गटाबरोबर दरवर्षी एका उंच शिखरावर जातात. गेल्या वर्षी परतल्यावर जेवताना तिथलं काहीतरी सांगायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. "जाऊ दे, तुम्हाला काय कळणार," म्हणाल्या आणि ताट उचलून आत गेल्या. ते मामांच्या जिव्हारी लागलं. बायकोच्या आयुष्यात एक अख्खा डोंगर आहे आणि तिथे आपण कधीच नव्हतो, हे त्यांनी मला चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या दरम्यान सांगितलं. "पुढच्या खेपेला मी तिच्याबरोबर वर असणार. बघाच तुम्ही!"

गटाचे म्होरके चित्रकलेचे सर. त्यांचा नियम कडक. आधी शहराबाहेरची टेकडी साडेतीन तासांत चढून-उतरून दाखवायची, नाहीतर यादीत नाव नाही. "आमच्या ह्यांना सूट देऊ नका," असं मामींनीच त्यांना बजावलं होतं.

मामा कामाला लागले. रोज ड्यूटीआधी पाठीवर पाण्याच्या आठ बाटल्या घ्यायच्या आणि अकरा मजले चढायचे. आधी एकदा, मग तीनदा, दोन महिन्यांनी सहादा. मी दार उघडून टोमणा मारायचो, "मामा, लिफ्ट बंद आहे का?" उत्तर द्यायलाही दम उरलेला नसायचा. नुसतं बोट वर करायचे आणि पुढे जायचे.

परीक्षेच्या दिवशी टेकडीच्या माथ्यावर मामा सगळ्यांत आधी पोचले. मी सोबत म्हणून गेलो होतो आणि पायथ्याशी चहा पीत होतो, तिथून दिसले. मग उतार सुरू झाला आणि त्यांच्या मांड्या लटलट कापायला लागल्या. चार पावलं टाकायची, की बसायचं. काठी टेकत आले ते पाऊण तास उशिरा. सरांनी नकारार्थी मान हलवली.

परतताना विचारलं तेव्हा उलगडा झाला. मामा जिने फक्त चढले होते. वर पोचलं की लिफ्टमध्ये शिरायचं आणि बटण दाबायचं. लिफ्टवाल्याला दुसरं सुचणार तरी काय? "उतरणं लिफ्टचं काम, असं धरूनच चाललो हो," ते म्हणाले. मला हसू आवरेना. त्यांच्याकडे पाहिलं तर डोळ्यांना पाणी. मला माझी लाज वाटली.

घरी न जाता ते थेट सरांच्या दारात उभे राहिले आणि तीन आठवड्यांची मुदत घेऊनच हलले. दुसऱ्या दिवसापासून उलटा कारभार सुरू झाला. लिफ्टने वर, पायांनी खाली, पाठीवर त्याच आठ बाटल्या. पहिला आठवडाभर त्यांना स्टुलावर बसताना भिंतीला धरावं लागे. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही हात मोकळे सोडून खाली यायला लागले. मीही टोमणे बंद केले आणि बाटल्या भरून द्यायला लागलो.

दुसऱ्या खेपेला मामा नऊ मिनिटं राखून उतरले. सरांनी खिशातून यादी काढून नाव लिहिलं. मामा मातीतच फतकल मारून बसले. बूट काढले तर दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी. गटाबरोबर आलेल्या मामींनी गुडघे टेकून नखं दाबून पाहिली.

"एक नंबर मोठे बूट हवेत. उद्याच जाऊ," त्या म्हणाल्या. पाय मात्र सोडला नाही. तसाच हातात धरून म्हणाल्या, "दरवर्षी वर पोचले की सगळ्यांत आधी तुम्हाला फोन लावायचे मी. तुम्ही लिफ्टमध्ये असायचात. कधी लागलाच नाही."