गार मोटारी आणि अर्धा कप चहा

आमच्या सहकारी बँकेचा तपासनीस कर्जाचे कागद सर्वांत शेवटी बघायचा. आधी यंत्रमागाच्या कारखान्यात शिरून प्रत्येक लूमच्या मोटारीवर तळहात ठेवायचा, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. सगळं बघून होईपर्यंत चहाला शिवायचा नाही. "साहब ने चाय पी, तो समझो लोन पास," असं शेजारचे लूमवाले चाचा सांगायचे.

लोडशेडिंग आणि मंदीमुळे माझ्या आठपैकी चार लूम तीन महिने बंद होते. कर्ज चालू लूम बघून मिळायचं, आणि सुताला पैसे मिळाले नसते तर उरलेले चारही थांबले असते. म्हणून तो यायच्या जरा आधी चाचांचे चार कारागीर आणून मी आठही लूम सुरू केले. भिवंडीत तपासणीच्या दिवशी बरेच जण हेच करायचे.

पाचव्या मोटारीवर त्याचा हात रेंगाळला. मग सहावी, सातवी, आठवी. रुमालाला हात पुसत तो माझ्या कानाशी ओरडला, "ताई, या चार गार हायत. किती लिहू?"

त्या खडखडाटात ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं.

"चार लिहा," मी म्हणाले.

त्याने लिहिलं, कप उचलला, अर्धा चहा प्यायला आणि निघून गेला.

"आधा कप चाय तो उसने कभी नहीं पी, भाभी," चाचाही गोंधळले.

पुढचे दहा दिवस बँकेतून काही कळलं नाही. मी मात्र रोज सकाळी त्या चार बंद मोटारींवर हात ठेवून बघू लागले.