तीनदा बुडालेला आगवाला

माझा थोरला मामा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. लढाई पेटली तसं नौदलाने ते जहाज ताब्यात घेतलं, राखाडी रंग फासला आणि ताफ्याच्या शेपटाला लावून दिलं. ताफ्यातलं जहाज बुडालं तर बाकीच्यांनी थांबायचं नाही, असा हुकूम होता. थांबायचं ते फक्त मामाच्या जहाजाने. पाण्यातली माणसं वर ओढायची आणि जगवायची.

मामाची पंचाईत वेगळीच. स्वयंपाकी डोकी मोजून भांडं चढवतो. इथे डोकी किती ते समुद्र ठरवणार. कधी साठ, कधी चार. म्हणून सुपाचं पातेलं चुलीला तारेने बांधून सदा गरम ठेवलेलं असे.

पहिल्या हिवाळ्यात वर काढलेल्यांत एक आगवाला होता, बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा. ठेंगणा, तेलाने काळाठिक्कर पडलेला. सुपाचा घोट घेऊन म्हणाला, "भाऊ, मीठ कमी आहे."

"एवढा समुद्र पिऊन आलास, तरी मीठ हवंच?" मामा म्हणाला. दोघंही हसले.

चार महिन्यांनी तोच माणूस दुसऱ्या बुडालेल्या जहाजावरून आला. मामा म्हणाला, "या जावईबापू! यायच्या आधी पत्र तरी टाकायचं." तो हसला, पण कप घेऊन शिडीजवळच जाऊन बसला.

तिसऱ्या खेपेला तो उघड्या अंगाने वर आला. मामाने स्वतःचा सदरा त्याच्या अंगात घातला. दुसऱ्या दिवशी मामाजवळ बटाटे सोलता सोलता तो म्हणाला, "भाऊ, मला इथेच ठेवून घ्या. पडेल ते करतो, भांडी घासतो. आता खाली बॉयलरपाशी उभा राहिलो की कोळसा दिसत नाही, नुसती वर पळायची शिडी दिसते."

मामा कप्तानाकडे गेला. कप्तान माणूस वाईट नव्हता. डोळे जागरणाने लाल झालेले.

"आगवाले मिळत नाहीत. त्याचं नाव यादीत आहे. बंदर आलं की उतरवायचा."

"मग पाण्यातून काढला कशाला?" मामा जन्मात पहिल्यांदा वरच्याला उलट बोलला.

कप्तानाने नकाशावरून मानही वर केली नाही. "मला तरी कोण विचारतंय? जा."

मामाचं तोंड बघूनच आगवाला समजला. "राहू द्या. तुम्ही शब्द टाकलात, पुष्कळ झालं."

बंदरात तो उतरला. त्यानंतर जहाज बुडालं की मामा चूल सोडून कठड्याशी जाई आणि वर येणारा एकेक चेहरा निरखी. तो पुन्हा आला नाही. याचे अर्थ दोनच, आणि दुसरा मामाला मनात आणवत नसे.

लढाई संपल्यावर खलाशांच्या कचेरीत कळलं, त्याचं चौथं जहाज सुखरूप पोचलं होतं. मामाने पत्ता लिहून घेतला आणि वर्षभर नुसता खिशात बाळगला. शेवटी मामीच म्हणाली, "जाऊन या की एकदाचे."

मामा गेला. आगवाल्याने दार उघडलं, मिठी मारली. "कसं काय?" "बरं आहे." चहा झाला. भर दुपारी, ऊन खोलीत आलेलं असताना, दोघंही समोरासमोरच्या खुर्च्यांत बसल्या जागी झोपले. आगवाल्याची बायको हळूच बाहेर गेली आणि शाळेतून येणाऱ्या मुलींना अडवायला पायरीवर बसून राहिली.