साडेतीनच्या होडीची माणसं

आगरदांड्याला अगदी खाडीला लागून जैनुद्दीनचं घर आहे. एकतीस वर्षं त्याने मस्कतला लिफ्ट दुरुस्त केल्या. कायमचा परत आल्यावर लोक घर वाढवतात, गाडी घेतात. त्याने एका बंद पडलेल्या शाळेच्या अडगळीतून सोळा एमएमचा जुना प्रोजेक्टर उचलून आणला. लहानपणी गावच्या मैदानात सरकारी गाडी सिनेमा दाखवायला यायची. सगळी मुलं पडद्यासमोर बसायची, आणि हा पडद्याकडे पाठ करून मशीन बघत राहायचा.

बायको, शहरबानू, फारशी कुरकुरली नाही. तेलाचा वास सोसत नाही म्हणून तिने त्याला खाडीकडची खोली देऊन टाकली.

चित्र दोन महिन्यांत जमलं. आवाज जमेना. फिल्मच्या कडेला आवाजाची एक रेघ असते. तिच्यातून दिव्याचा उजेड आरपार जातो, पलीकडची काचेची छोटी नळी तो पकडते, आणि उजेड जसा कमीजास्त होईल तसा स्पीकर बोलतो. ती नळी बदलून जैनुद्दीनने एका दुपारी, जोहरची नमाज झाल्यावर, मशीन उघडंच ठेवून स्पीकर चालू केला. फिल्म लावलेली नव्हती. तरी खोलीत काहीतरी मंद घुमायला लागलं.

भरतीचं पाणी खिडकीखाली आलं होतं. त्यावरून उसळलेलं ऊन भिंतीवर आणि मशीनवर हलत होतं, आणि नळी तेच ऐकवत होती.

"ऐकतेस काय?" तो हसत म्हणाला. "खाडी बोलतेय."

शहरबानू हात पुसत आली. ती खिडकीपुढून गेली तशी तिची सावली नळीवर पडली आणि स्पीकर ठप्प वाजला. दोघं पोरांसारखे हात हलवून ठप्प ठप्प वाजवत बसले. मग ती दमून खाटेवर टेकली. जैनुद्दीन तिच्या शेजारी.

ठप्प. थोड्या वेळाने पुन्हा, ठप्प, ठप्प.

"आता कोन गेला?" तिने विचारलं.

तिथून जाण्यासारखं कोणी नव्हतंच. पूर्वी घरामागे बांध होता आणि बांधावरून होडीच्या धक्क्याची वाट. बावीस वर्षांमागे उधाणात बांध फुटला, वाट वाहून गेली. आता भरतीला पाणी थेट भिंतीला लागतं.

पक्षी असेल, तार ढिली असेल, असं म्हणत जैनुद्दीनने सगळं तपासलं. दुसऱ्या दिवशी साडेतीनच्या सुमारास तेच. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मी बाहेरून चालत जातो. तू मोज." कमरेइतक्या पाण्यातून तो खिडकीपुढून गेला. मागे वळून बघितलं तर नुसतं चकाकणारं पाणी.

"किती वेळा वाजलं?" ओल्या कपड्यांनीच आत येत त्याने विचारलं.

"तुमी गेलाव तवा एकदा." तिने चार बोटं वर केली. "मंग तुमच्या मागून चारदा."

त्या रात्री दोघंही नीट जेवले नाहीत. सकाळी जैनुद्दीन हरेश्वरकाकांना बोलावून आला. फेरीबोट सुरू व्हायच्या आधी खाडीपलीकडे दिघीला माणसं न्यायची होडी हरेश्वरकाका चालवायचे. आता वय ऐंशीच्या पुढे, नजर अधू, पण कान शाबूत.

दुपारी ते मशीनजवळ स्टुलावर बसले. आधी नुसतं घुमणं. मग ठप्प. मग एकामागून एक, घाईघाईने.

"धावतायत," हरेश्वरकाका पुटपुटले. "साडेतीनची होडी गाठायची हाय त्यांना." आणि कोणाला काही कळायच्या आत त्यांनी खिडकीकडे तोंड करून मोठ्याने हाळी दिली, "थांबा रं! घेतो सगल्यांना!"

ठप्प ठप्प थांबलं. त्याबरोबर घुमणंही थांबलं. ऊन भिंतीवर तसंच हलत होतं, मशीनवरही हलत होतं, पण स्पीकर गप्प. जणू नळीपुढे कोणीतरी दाटीने येऊन उभं राहिलं होतं.

जैनुद्दीनने झेप घेऊन वायर ओढली.

"बंद का केलंस?" हरेश्वरकाका नाराजीने म्हणाले. "आली होती ना सगली."

जैनुद्दीनला इतके दिवस वाटत होतं की आपण नुसतं ऐकतो आहोत. आपलंही पलीकडे ऐकू जातं, हे आता त्याच्या ध्यानात आलं. त्याच संध्याकाळी त्याने मशीन आतल्या खोलीत हलवलं आणि खाडीकडची खिडकी खिळे मारून बंद केली. शहरबानूने तिथे लोबान जाळला.

आता रविवारी शेजारची माणसं सिनेमा बघायला येतात. चित्र स्वच्छ दिसतं, आवाजही चांगला येतो. नळीवरचं झाकण घट्ट बसलंय की नाही, हे जैनुद्दीन तीन-तीनदा बघतो.

हरेश्वरकाका मात्र रविवारी येत नाहीत. ज्या दिवशी दुपारी भरती असते, त्या दिवशी काठी टेकत येतात आणि त्या रिकाम्या खोलीत बंद खिडकीपाशी बसून राहतात. एकदा चहा ठेवताना शहरबानूने धीर करून विचारलंच, "काका, इथं बसून काय करताव?"

"मी थांबा बोललो ना त्यांना," ते हळूच म्हणाले. "ती थांबलीत. आता टाकून कसा जाऊ?"

तिने कप त्यांच्या हातात दिला आणि बाहेर पडताना दार उघडंच ठेवलं.