गोविंदकाकांच्या दोन बायका

आता काय लपवायचं तुमच्यापासून? चहा येईपर्यंत सांगूनच टाकतो. एका सरळमार्गी, सुपारीचंही व्यसन नसलेल्या माणसाला मी भर बैठकीत दोन बायका लावून दिल्या. तेही पाहुणे त्याची मुलगी पाहायला आलेले असताना! आणि हे सगळं मी कॉम्प्युटरच्या मदतीनं केलं. नुसत्या हातानं मला ते जमलं नसतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. रामदासपेठेतल्या आमच्या ऑफिसात नवाकोरा कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी काचेची खोली, त्याच्यासाठी एसी. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. मी पंधरा दिवसांचं ट्रेनिंग घेऊन आलो होतो, म्हणून मी त्याचा पुजारी. सगळे मला ‘कॉम्प्युटरवाले भोयर’ म्हणायला लागले आणि मलाही ते खरं वाटायला लागलं.

त्यात आमच्या साहेबांचा मेव्हणा अमेरिकेहून आला. त्यानं एक फ्लॉपी आणली. तिच्यात वंशावळ तयार करायचा प्रोग्राम होता. नाव टाका, बापाचं नाव टाका, आईचं नाव टाका, बायको टाका, मुलं टाका. शेवटी एक बटण दाबलं की प्रिंटर करकर करत लांबच लांब तक्ता बाहेर काढतो. साहेबांनी दोन दिवस खेळून फ्लॉपी माझ्याकडे दिली. मी ठरवलं, आपल्या भोयर घराण्याची सात पिढ्यांची वंशावळ करायची आणि सगळ्या नातेवाइकांना एकेक प्रत पाठवायची. कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही!

मी सगळीकडे पोस्टकार्डं टाकली. उत्तरं भराभर आली. आपलं नाव मशीनमध्ये जाणार म्हटल्यावर, जी माणसं लग्नाच्या पत्रिकेचीही पोच देत नाहीत, त्यांनी पाठपोट लिहून पाठवलं. दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून मी एकेक माणूस आत टाकत होतो. प्रोग्राम प्रत्येकाला नंबर द्यायचा. आपल्या पणजोबांना चार नंबर मिळालेला पाहून मला काय आनंद झाला म्हणता!

तर खाप्याला आमचे एक गोविंदकाका होते. सख्खे नव्हेत, वडिलांच्या चुलत्याकडून काका. कन्हान नदीच्या काठाला शेती, स्वभावानं गरीब. मला ते शहरातल्या लग्नांमध्ये दिसायचे. त्यांच्या घरी मी लहानपणी एकदाच गेलो होतो, आणि तेव्हाही दिवसभर नदीच्या पात्रातल्या टरबुजांच्या वाडीत होतो. घरात कोण कोण आहे, याचा मला पत्ता नव्हता. काकूला मी ‘काकू’ म्हणायचो. काकूला नाव असतं हे कोणाच्या डोक्यात येतं?

गोविंदकाकांचं कार्ड आलं. ‘पत्नी सौ. शांता. अपत्ये दोन. प्रमिला व विनायक.’ झालं, टाकलं मशीनमध्ये.

चार दिवसांनी वाडी गावाहून पांडुरंगमामांचं कार्ड आलं. ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर मुनीम. हे त्या काकूचे सख्खे भाऊ, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की मनोहर सगळ्यांची माहिती गोळा करून राहिला. त्यांनी लिहिलं होतं, ‘आमची बहीण गंगू ही खाप्याच्या गोविंदराव भोयरांना दिली. तिला दोन लेकरं. बेबी आणि बाबा.’

मी दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली. एकात शांता, एकात गंगू. एकात प्रमिला आणि विनायक, एकात बेबी आणि बाबा.

तुम्हाला आत्ता कळलं ना? मला नाही कळलं! लग्नात मुलीचं नाव बदलतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्याच लग्नात मी ताटातल्या तांदळात बायकोचं नवं नाव अंगठीनं लिहिलं होतं. घरातलं नाव वेगळं आणि शाळेतलं वेगळं, हे तर आपल्याकडे दर पोराचं असतं. पण त्या काचेच्या खोलीत बसलं की माणूस वेगळाच विचार करतो. मी मनाशी म्हणालो, मनोहरा, हे संशोधन आहे. गोविंदकाकांनी पहिली बायको लपवली! बिचारी गंगू दोन लेकरं मागे ठेवून गेली असेल, मग शांता आली असेल, आणि काका आता त्या पहिलीचं नावही काढत नाहीत. मला जरा वाईटसुद्धा वाटलं.

मग एक कार्ड टाकून विचारायचं नाही का? पण मी पडलो समजूतदार. असल्या नाजूक गोष्टी विचारून माणसाला दुखवायचं नसतं. नुसत्या लिहून ठेवायच्या असतात! प्रोग्रामनं विचारलं, ‘आणखी पत्नी?’ मी ‘वाय’चं बटण दाबलं. त्यानं मुकाट्यानं शांतेशेजारी गंगूला बसवलं आणि दोघींखाली दोन दोन मुलं टांगली. मशीनला कशाचंच नवल वाटत नाही.

वीस प्रती काढल्या आणि पोस्टात टाकल्या. खाप्याची एकविसावी प्रत मात्र मी मुद्दाम ठेवून घेतली. म्हटलं, ही स्वतः नेऊन देऊ.

कारण तेवढ्यातच काकांचं दुसरं पत्र आलं होतं. प्रमिलेसाठी रामदासपेठेतल्या राऊतांचं स्थळ आलं होतं. मुलगा कॉलेजात शिकवायचा. आधीची दोन स्थळं जमता जमता मोडली होती, त्यामुळे काका टेकीला आले होते. त्यांनी लिहिलं, ‘राऊत साहेब तुझ्या ऑफिसजवळच राहतात. आपल्या घराण्याविषयी दोन चांगले शब्द बोलून ये.’

दोन शब्द? मी खाप्यासाठी ठेवलेला अख्खा तक्ताच नेऊन दिला!

राऊत साहेब म्हणजे रिटायर्ड हेडक्लार्क. त्यांनी चष्मा लावला, लाल-निळी पेन्सिल काढली आणि ऑडिटला बसल्यासारखे तक्त्यापुढे बसले. मला म्हणाले, “वा! असं घराणं पाह्यलं नाई आपन. सगळं उघडं मांडून ठेवलं.” मी फुगलो. निघताना त्यांनी हळूच विचारलं, “गोविंदरावांचं जरा... दोनदा झालं वाटते?” मी गंभीर चेहरा करून म्हणालो, “जुनी गोष्ट आहे. ते बोलत नाहीत.”

हे वाक्य मी अजून झोपेत आठवून उठतो.

रविवारी खाप्याला मुलगी पाहायचा कार्यक्रम. मध्यस्थ म्हणून मीही होतो. बैठकीत नवी चादर अंथरलेली, काकांनी इस्त्रीचा सदरा घातलेला. राऊत साहेब, राऊतबाई आणि मुलगा ओळीनं बसले. राऊत साहेबांनी माझा तक्ता घडी उलगडून मांडीवर पसरला. मला अभिमान वाटला. खरंच वाटला!

आतून काकूचा आवाज आला, “बेबी, पोहे घेऊन जाय वं बाहेर.”

पोह्यांचा ट्रे घेऊन मुलगी आली. राऊत साहेबांची पेन्सिल तक्त्यावरून फिरली आणि एका चौकोनावर थांबली. त्यांनी विचारलं, “बाई, नाव काय तुझं?”

“प्रमिला.”

“अन् आता बेबी म्हून कोनाले आवाज देला?”

“मलेच.”

राऊत साहेब माझ्याकडे वळले. तोंडाजवळ हात धरून म्हणाले, “भोयर, बेबी त्रेपन्न नंबर, प्रमिला एक्केचाळीस नंबर. आमी एक्केचाळीस पाहाले आलो. हे त्रेपन्न काहून दाखवून राह्यले?”

आता तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडावा की नाही? नाही पडला. उलट मी मनात म्हणालो, काका पहिलीची थोरली मुलगी पुढे करताहेत! मुलगी पोहे ठेवून आत गेली. मी काकांना डोळ्यांनी खुणावलं. त्यांना वाटलं, मला पाणी पाहिजे. त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

मग राऊतबाई बोलल्या. स्वभावानं गोड बाई. “गोविंदराव, आमाले काई हरकत नाई बरं. मानसाच्या हातात का असते? पहिल्या बाई कधी गेल्या?”

“कोन पहिल्या बाई?” काका म्हणाले.

मी मध्ये पडलो. पडायलाच पाहिजे होतं का? “काकाजी, हे लोक समजदार आहेत. सांगून टाका. यात लाज कशाची?”

“अबे काय सांगू?”

“गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला काय हरकत आहे?”

काका घामाघूम. राऊत साहेब तक्त्याची घडी घालायला लागले. म्हणाले, “पहिली बायको असनं हे काई ऐब नाई. पन लपवालपवी आमाले चालत नाई. एक पोट्टी पाहाले बोलावता, दुसरी दाखवता.”

तेवढ्यात दाराचा पडदा हलला आणि काकू स्वतः बाहेर आली. हातात झारा. पाहुण्यांसमोर न येणारी बाई ती, पण आली.

“कोन व्हती ते?” तिनं काकांना विचारलं. आवाज अगदी शांत होता, त्यामुळे जास्त भीती वाटली.

“अवं कोनीच नवती! देवाशपथ!”

“मंग हे मानसं उगाच बोलून राह्यले? हा मनोहर शिकलेला मानूस उगाच बोलून राह्यला? पंचवीस वर्सं झाले मले या घरात येऊन. पंचवीस वर्सं पोटात ठेवलं तुमी!”

“मनोहर, तू तरी सांग रे बाप्पा!” काका माझ्याकडे हात जोडून म्हणाले.

मी काय सांगितलं असेल? मी म्हणालो, “काकू, राग मानू नका. झालं गेलं ते झालं.”

काकूनं झारा खाली ठेवला आणि डोक्यावरचा पदर आवळला. “मी चालली वाडीले. भावाच्या घरी. या पोरीचं तुमी पाहा अन् तिच्या त्या दुसऱ्या बहिनीचं भी पाहा.” आत प्रमिलेचं रडणं ऐकू आलं. राऊत साहेब चपला शोधायला लागले. मुलगा बिचारा एकटाच पोहे खात होता, त्यानंही चमचा ठेवला.

मला त्या वेळी पहिल्यांदा वाटलं की इथं काहीतरी आपल्यामुळे बिघडतंय. तिसरं स्थळ मोडलं तर त्या मुलीला गावात काय तोंड राहणार?

आणि अंगणातून दणदणीत आवाज आला, “गंगे! एस्टी बंद पडली वं सावनेरले, उशीर झाला. पाहुने आले का?”

पांडुरंगमामा!

आणि काकू जागच्या जागी वळली, डोळे पुसले आणि म्हणाली, “आली रे दादा.”

राऊत साहेबांनी एक चप्पल घातलेल्या अवस्थेतच तक्ता पुन्हा उघडला. काकूकडे पाहिलं, तक्त्याकडे पाहिलं.

“तुमीच गंगू?”

“माहेरी गंगू. इकडे शांता.”

“अन् बेबी?”

“ते आत रडून राह्यली ना, तेच. शाळेतलं नाव प्रमिला.”

राऊत साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडे पाहून अगदी ऑफिसातल्या आवाजात म्हणाले, “भोयर, एकाच बाईची दोनदा एंट्री आहे.”

हसायला कोणी सुरुवात केली ते आठवत नाही. बहुतेक राऊतबाईंनी. काका मात्र हसत नव्हते, ते भिंतीला टेकून नुसता श्वास घेत होते. मामांना सगळं समजावून सांगावं लागलं, मग ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. काकू म्हणाली, “पंचवीस वर्सांत मले सवत नाई भेटली. यानं मशीनीतून काढली!”

प्रमिला तोंड धुऊन परत आली. या वेळी राऊत साहेबांनी तिला नाव विचारलं नाही. होकार त्यांनी तिथंच दिला, फक्त एक अट घातली. पत्रिकेचा मजकूर भोयरनं लिहायचा नाही.

तुम्हाला वाटेल, संपलं. कसं संपेल? परतीच्या एस्टीत मी माझ्याजवळची प्रत उघडली आणि बोटानं मोजलं. आमच्या घराण्यात दोन बायकांचे आणखी सहा पुरुष निघाले! त्यातले एक मारुतीचे भक्त आणि एक शाळेचे हेडमास्तर. आणि वीसच्या वीस प्रती पोचलेल्या. पुढचा महिनाभर मी माफीची पोस्टकार्डं लिहीत होतो. एका काकूनं उलट टपाली कळवलं, ‘त्या दुसरीला पाठवून द्या, इकडे कामाला माणूस पाहिजे.’

पण खाप्याहून निघताना काकू मला दारापर्यंत सोडायला आली होती. रागावली नव्हती. एवढंच म्हणाली, “मनोहर, एक चिठ्ठी टाकून इचारलं असतं तर सांगितलं नसतं का मी? तुह्या मायचं माहेरचं नाव तरी ठाऊक आहे का तुले?”

तक्त्यात आई ‘सरस्वती’ होती. त्याच्याआधी ती कोण होती? पणजोबांच्या बापाचं नाव मला पाठ, आणि जिनं मला जन्म दिला तिचं पहिलं नाव ठाऊक नाही! एस्टीत मला तेच खात होतं. मनातून अगदी ओशाळलो.

घरी पोचलो तेव्हा आई ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. वडील जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी तिच्याजवळ बसलो, चार शेंगा सोलल्या आणि खाप्याला घडलेलं सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत ऐकत होती. मग मी हळूच विचारलं, “आई, तुझं माहेरचं नाव काय गं?”

तिचे हात थांबले. मला वाटलं, आता तिचे डोळे भरून येणार.

“नाई सांगत,” ती म्हणाली. “तुह्या बापानं जिता होता तोवर एकच बायको कशीबशी सांभाळली. आता मेल्यावर त्याले दुसरी नको लावून देऊ.”