उंटांच्या घरची सून

“आधी ओळख तर होऊ दे.”

हे तिचं ठरलेलं वाक्य. कुणी तिच्या उंटाला हात लावायला गेलं, की ती तो हात हलकेच खाली करायची आणि हे म्हणायची. मग उंट मान लांब करून पाहुण्याच्या तोंडावर ऊन ऊन श्वास सोडायचा, पाहुणा घाबरून डोळे मिटायचा, आणि ती हसून म्हणायची, “झालं. आता लाव हात.”

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आपल्यानंतर परक्या मुलखात येतात आणि आपल्याआधी तिथली होऊन जातात. आपण त्यांचं कौतुक करतो आणि घरी येऊन उगाच भांडी आपटतो.

ती मला पहिल्यांदा भेटली न्यूझीलंडमध्ये, ख्राइस्टचर्चच्या रिकार्टन भागातल्या इंडियन दुकानात. पायात चिखलाचे गमबूट, स्वेटरवर तपकिरी लोकरीचे पुंजके आणि ट्रॉलीत गुळाच्या ढेपा.

“एवढा गूळ? घरात कार्य आहे का?” मी विचारलं.

“नाही ओ ताई, उंटांना.”

मला वाटलं, चेष्टा करतेय. पण ती गडहिंग्लजकडची मुलगी, ख्राइस्टचर्चला शिकायला आली, वर्गातल्या एका किवी मुलाशी लग्न केलं आणि शहराबाहेर त्यांच्या शेतावर राहायला गेली. तिच्या सासऱ्यांनी तरुणपणी एका बंद पडलेल्या सर्कशीकडून दोन वशिंडांचे उंट घेतले होते. त्यांचाच आता कळप झाला होता. मी पुण्याची, पुलांच्या डिझाइनचं काम करणारी. आमच्या ऑफिसात मीटिंगमध्ये मी तोंड उघडेपर्यंत विषय बदललेला असायचा. तिच्याकडे मात्र सासरे कुणी काहीही विचारलं तरी हनुवटीनं खूण करून म्हणत, “आस्क हर.”

मला त्या दोन शब्दांचा फार हेवा वाटायचा.

कुठल्या उंटिणीला कुठला नर, हे तीच ठरवायची. देशात असे उंट मोजकेच, त्यामुळे स्थळं मिळायची मारामार. कुंपणाला रेलून ती गंभीरपणे सांगायची, “सखूच्या घराण्यात पाय नाजूक आहेत. तिला हा नको. हा दिसायला राजबिंडा, पण डोकं लई गरम.” हिवाळ्यात तो राजबिंडा माजावर आला, की तोंडाला फेस आणून दात खायचा आणि शेपटीनं स्वतःचंच मूत पाठीवर उडवायचा. “बघा, नवरदेव अत्तर लावतोय,” ती म्हणायची.

मग माझी आई आली. बाबा गेल्यानंतर तिला मी हट्टानं बोलावून घेतलं होतं. तिच्यासाठी खोली सजवली, हीटर आणला, टीव्हीवर मराठी मालिका लावून दिल्या. ती खिडकीशी बसून रस्ता बघायची. “इथं माणसं कुठं ठेवलीत गं?” एवढंच विचारायची. आणखी थोडे महिने राहा म्हटलं, तर म्हणायची, “नको बाई. घर बंद आहे. तुळस वाळेल.”

एका शनिवारी मी तिला शेतावर नेलं. तेवढंच फिरणं होईल, म्हणून. वसंत लागला होता, उंटांची लोकर झडत होती, कुंपणाच्या तारांना पुंजके लटकत होते. आई गाडीतून उतरली, उंटांकडे बघत राहिली आणि एकदम म्हणाली, “आगं आगं आगं, ह्येंच्या अंगावरची गोधडी फाटलीया की!”

“व्हय काकू, दरसाली फाटतीया,” तिनं लगेच उत्तर दिलं.

दोघी खळखळून हसल्या. मी गाडीची किल्ली हातात घेऊन उभी. आई लग्नाआधी गडहिंग्लजजवळच्या खेड्यात वाढली, हे मला माहीत होतं. पण माझ्याशी ती जन्मभर पुण्याचं मराठी बोलली. तिची ही भाषा मी कधी ऐकलीच नव्हती. ती त्या परक्या मुलीला मिळाली, पहिल्याच भेटीत, फुकट.

पुढं ती स्वतः येऊन आईला घेऊन जायला लागली. संध्याकाळी आई परत यायची ती अंगाला उंटांचा वास घेऊन, आणि जेवताना बोलायची फक्त सखूबद्दल. सखूची ही पहिलीच खेप, उंटिणीचे तेरा महिने भरत आले होते.

सखू व्याली, पण तिनं पिल्लाला जवळ येऊ दिलं नाही. लांब पायांचं, ओलं, पाठीवर रिकाम्या पिशव्यांसारखी दोन वशिंडं लोंबणारं पिल्लू धडपडत कासेकडे जायचं आणि ती लाथ उगारायची. आम्ही पोचलो तेव्हा आईनं विचारलं, “चीक पाजला का?”

“पिळून बाटलीनं पाजला काकू.”

“त्येच्या अंगाला मीठ चोळ. चाटंल ती. आमच्या म्हशी चाटायच्या.”

“उंटीण चाटत नाही ओ पिल्लाला.”

“आसली कसली आई?” आई सखूवर खेकसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तिकीट पुढं ढकल. हे कासेला लागंपर्यंत मी हितंच राहणार.”

तुळशीचा विषयही निघाला नाही.

त्या दुपारी मी त्या मुलीला शेडमागे गाठलं. ती बाटल्या धूत होती.

“माझी आई आहे ती,” मी म्हटलं.

तिनं नळ बंद केला. “माहीत आहे ताई. माझी गेली तेव्हा विमानं बंद होती. मी फोनवर बघितलं सगळं.” धुतलेली बाटली उपडी ठेवून म्हणाली, “तुम्ही न्या त्यांना घरी. मी सांगते समजावून.”

मी नेलं नाही. त्या पोरीसाठी जीव तुटला, हे खरं. पण मत्सर काही गेला नाही. दोन्ही एकाच पोटात राहिले.

आई तिथंच राहिली. दोघी आळीपाळीनं पिल्लाला सखूजवळ धरून उभ्या राहायच्या आणि लाथ आली की मागं सरायच्या. एका सकाळी लाथ आली नाही. पिल्लू कासेला लागलं. आईनं मला फोन केला आणि रडत राहिली. माझ्या कुठल्याच पदवीला ती अशी रडली नव्हती.

आई पुण्याला परतली. पुढच्या वर्षी शेतावरचे सासरे वारले, तिच्या नवऱ्याच्या भावंडांनी वाटणी मागितली, जमीन विकली गेली. नवरा-बायकोनं दूर दक्षिणेला, ओटागो भागातल्या कोरड्या डोंगरात लहानशी जागा घेतली आणि उंट तिकडे हलवायचं ठरलं.

निघायच्या दिवशी मी गेले होते. उंट ट्रकमध्ये चढत होते, वरच्या फटींतून त्यांची डोकी दिसत होती. तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. “तिला दे,” आई म्हणाली. मी दिला. ती फोन घेऊन एकेका उंटापाशी गेली, प्रत्येकाचं तोंड आईला दाखवलं. दोघींचं त्याच बोलीत काय काय चाललं होतं. मग नवऱ्यानं हॉर्न दिला. तिनं धावत येऊन मला घट्ट मिठी मारली आणि ट्रकमध्ये चढली.

ट्रक फाटकातून बाहेर पडला, तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझा फोन तिच्याच हातात होता. उघड्या खिडकीतून आईच्या हसण्याचा आवाज येत होता.

पळत जाऊन हाक मारली असती, तर ती थांबली असती. मी मारली नाही. त्या रिकाम्या रस्त्यावर उभी राहून, ट्रक पाइनच्या रांगेआड जाईपर्यंत, मी ते हसणं ऐकत राहिले.