भुऱ्याचं आडनाव

पिराजीभाऊंनी स्वतःची ओळख करून दिली ती अशी: "मी पिराजी. गाव मुखेडच्या बाजूला. बौद्ध हाय. आता आडनाव इचारून अंदाज घेत बसायचं काम न्हाई, तुमचा टाइम वाचला." मस्कतमधल्या आमच्या कंपनीच्या कॅम्पातली ती खोली, दोन लोखंडी पलंग आणि मधे एक टेबल. मी अजून बॅगही खाली ठेवली नव्हती. कुणीही नवा मराठी माणूस भेटला की भाऊ हेच ऐकवत, तेही हसत हसत. आमच्या मराठवाड्यात गाव कुठलं, आडनाव काय, पाहुणे कुठले, असं करत करत माणूस बरोबर जातीपर्यंत पोचतो. भाऊ समोरच्याचा तेवढा त्रास वाचवत.

मी लातूरच्या एका लिंगायत किराणा दुकानदाराचा मुलगा. कंपनीचं स्टोअर सांभाळायला गेलो होतो. भाऊ इलेक्ट्रिशियन, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, तरी मला 'अप्पा' म्हणत. मी त्यांना म्हणालो, "आमच्याकडे असलं काही नसतं हो भाऊ." अगदी मनापासून म्हणालो. आमच्या घरी प्रत्येक पाहुण्याला आम्ही हे सांगतो.

"मंग चला जेवायला," ते म्हणाले.

मी म्हणालो, आज पोट ठीक नाही.

सुट्टीवरून येताना ते ज्वारीचं पीठ आणत. शुक्रवारी, आठवड्याच्या सुट्टीला, हॉटप्लेटवर भाकरी टाकली की खोलीभर गावाकडचा वास सुटायचा. "अप्पा, गरम हाय, या." मी सांगितलं की तुम्ही याच भांड्यांत मटण करता, मला चालत नाही. पुढच्या शुक्रवारी नवा तवा आला, नवं पातेलं आलं, आणि खोलीतलं मटण बंद झालं. ते आता मेसमध्ये जाऊन खायचे. "ह्यात अंडंसुदिक न्हाई गेलेलं, या." तेव्हा मला आठवलं की सोमवारसारखाच माझा शुक्रवारीही उपवास असतो. मग ॲसिडिटी झाली, मग उशिरा नाश्ता झाला. दोन वर्षं मी अशी कारणं पुरवून पुरवून वापरली आणि समोरच्या पलंगावर बसून ब्रेडला जाम लावून खाल्ला. तोंडावर कधी नाही म्हणालो नाही, याचा उलट मला अभिमान वाटायचा.

एकदा मला सडकून ताप आला. भाऊ दोन दिवस कामावर गेले नाहीत. माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसले, पाय दाबले. त्यांनी तांदळाची पेज केली तर मी डोळे मिटून घेतले आणि दुकानातून डब्यातला ज्यूस मागवला. कपाळावर त्यांचा हात चालला, त्या हातची पेज चालली नाही. हे आज लिहितानाही मान वर होत नाही. त्यांनी मात्र लगेच ज्यूस आणून दिला. ते नेहमी म्हणायचे, "करंट लई इमानदार असतो अप्पा. हात लावंल त्याला सारखाच धरतो." मी याला विनोद समजून हसायचो.

त्या उन्हाळ्यात एसीचं पाणी ठिबकायचं तिथल्या ओलसर जागेत एक कुत्र्याचं पिल्लू येऊन पडलं. मला कुत्र्यांची जन्माची भीती. मी त्याला हुसकायला गेलो आणि ते माझ्या बुटावर डोकं टेकवून झोपलं. पाय हलवावा तर ते जागं होणार. अर्धा तास मी उन्हात तसाच उभा राहिलो, शेवटी त्याला उचलून खोलीत आणलं.

"हे काय करायलात अप्पा? सायबानं बघितलं तर दोघांचीबी गठुडी बाहेर," भाऊ म्हणाले. पण खोक्यात जुनी लुंगी अंथरून त्याला जागा त्यांनीच केली. नावही त्यांनीच ठेवलं, भुऱ्या.

भुऱ्या महिन्याभरात माझ्या अंगाखांद्यावर खेळू लागला. एका शुक्रवारी मी खाली बसून दहीभात खात होतो. त्यानं ताटात तोंड घातलं, दोन घास मटकावले. मी हसलो, त्याचं तोंड बाजूला सारलं आणि त्याच ताटातला पुढचा घास खाल्ला. भाऊ हॉटप्लेटपाशी भाकरी उलटत होते. मागे वळून न बघता त्यांनी विचारलं, "अप्पा, ह्याचं आडनाव इचारलं व्हतं का?"

आवाजात राग नव्हता. टेस्टर कुठे ठेवला, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं. मी उठून दोन पावलं चाललो असतो, त्यांच्या तव्यावरची भाकरी घेतली असती, तर तिथेच सगळं मिटलं असतं. मी ओरडलो, "तुम्ही लोक प्रत्येक गोष्टीत जात आणता!"

भाऊंनी हॉटप्लेट बंद केली आणि जेवायला बसले. त्या दिवसापासून त्यांनी मला जेवायला बोलावणं सोडलं. बाकी सगळं पूर्वीसारखंच होतं. त्यांनी माझा चार्जर दुरुस्त करून दिला, भुऱ्याला लसही टोचून आणली. मला आता कारणं शोधावी लागत नव्हती, तरी जेवताना तोंडात घास फिरायचा. दोन महिन्यांनी त्यांचा करार संपला, ते गावी परतले. पुढच्या वर्षी मीही परतलो. भुऱ्याला मेसच्या केरळी स्वयंपाक्यानं ठेवून घेतलं.

गेल्या हिवाळ्यात मुद्दाम मुखेडची एसटी पकडली. तिथून जीपने त्यांच्या गावी गेलो. वाटेत पक्कं ठरवलं होतं की आज आपण होऊन भाकरी मागायची, पोटभर खायची आणि चुकलं म्हणायचं.

भाऊंनी मला मिठी मारली. "भुऱ्या कसा हाय?" हा पहिला प्रश्न. मी मोबाइलवर स्वयंपाक्यानं पाठवलेला व्हिडिओ दाखवला, तो त्यांनी तीनदा बघितला. आत वहिनी भाकरी थापत होत्या, त्याचा आवाज येत होता. "बसा अप्पा, आलोच," म्हणून भाऊ चपला घालून बाहेर गेले आणि दुकानातून पाण्याची बाटली नि बिस्किटाचा पुडा घेऊन आले.

"सील हाय," ते काळजीनं म्हणाले.

मी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. सापडला असता तर बरं वाटलं असतं. ते खरोखर माझी सोय बघत होते.

"भाऊ, बाटली नको. घरातली भाकरी द्या. माझं लई चुकलं."

आतला थापण्याचा आवाज थांबला. भाऊंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अप्पा, त्या टायमाला खाल्ली असती तर मला बरं वाटलं असतं. आज खाल्ली तर तुमाला बरं वाटंल. ऱ्हाऊ द्या."

मग स्वतःच उठले. मला सोडायला मुखेडपर्यंत आले. लातूरच्या गाडीला गर्दी असते, आधी जाऊन खिडकीतून रुमाल टाकतो, म्हणत ते स्टँडमध्ये माझ्यापुढे भराभर चालू लागले. मी ती बाटली हातात घेऊन त्यांच्या मागे निघालो.